महेंद्रदादाची मारुती, फर्स्ट ओनर

डोंबिवली पूर्व
८ जून २०२५

दादा, जय भीम.

मोबाईल सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. काल तुला बघायला आलेलो तेव्हा तुझा फोन वहिनींच्या हातात दिसला. मी मेसेज टाकणार, आधी त्या वाचणार, मग गाळून तुला सांगणार. तू चौतीस वर्षं पोस्टात सॉर्टिंगला काढलीस, म्हटलं पत्रच टाकू. तसाही तू रोज दहा ते बारा खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून असतोस. पोस्टमन तुझ्या हातातच देईल.

मुद्द्यावर येतो. तुझी मारुती. काल बोनेट उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला! सत्त्याण्णवची ८००, एमएच ०४, पहिल्यापासून एकाच माणसाच्या नावावर, कंपनीचा रंग, एक्केचाळीस हजार किलोमीटर. डिकीतली स्टेपनी अजून रस्त्याला लागलेली नाही. अशी दुसरी गाडी ठाणे जिल्ह्यात दाखव, मिशी उतरवतो. माझ्याकडे सात गाड्या आहेत, कल्याणला सखारामच्या गॅरेजमागे उभ्या. पद्मिनी, झेन, मॅटिझ, उनो, सगळ्या मिळून एका नव्या गाडीच्या किमतीत येतील. पण सातही दोन-तीन हातांतून गेलेल्या. फर्स्ट ओनर एक नाही.

मी गाड्या कशा शोधतो तुला माहितीये. कोणी गेलं की भेटायला जातो. दहावं असो, तेरावं असो, आपल्यातलं पुण्यानुमोदन असो. वर दहा मिनिटं बसायचं, हात जोडायचे, उतरताना पार्किंगला एक चक्कर मारायची. म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या कव्हरखाली असतात आणि पोरांना त्या नको असतात. पण लफडं तिथेच होतं. मालक गेला की वारस उभे राहतात. एक मुलगा परदेशात, मुलगी सही देत नाही, आरटीओत प्रतिज्ञापत्र मागतात, तोवर गाडी सडते. मालक असताना गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली की विषय संपला. विमा सर्व्हेअर म्हणून तीस वर्षं मोडलेल्या गाड्या बघितल्या रे, त्यातनं एक शिकलो, कागद वेळेत झालेला बरा. तुझा हात अजून थरथरत नाही, काल वहीत लिहिताना बघितलं. फॉर्म पाठवू का?

वहिनींना एवढ्यात बोलू नकोस. तब्येतीला जप.

तुझा
सुदेश


कोपरी, ठाणे पूर्व
१४ जून २०२५

सुदेश, जय भीम.

वा रे वा! जबड्याचं ऑपरेशन झालंय माझ्या, डोक्याचं नाही. तू गेल्यावर दर्शना म्हणाली, बघा, आतेभाऊ असून सख्ख्यासारखा धावत आला. मी वहीत लिहिलं, गाडीकडे धावत आला. ती रागावली. आता तुझं पत्र तिच्या पुढ्यात टाकलं तर मी जिंकेन. पण टाकणार नाही, कारण तू बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलास. तू मयताच्या घरी गाड्या बघायला जातोस. मग माझ्या घरी कसा आलास?

मला इथे कोणी खरं सांगत नाही. दर्शना म्हणते, डॉक्टरांनी गाठ पूर्ण काढली, आता रेडिएशनचे तीस शेक घेतले की तुम्ही बरे. लेक पायल नाशिकहून फोन करते आणि तेच म्हणते. डॉक्टर तर हसतच असतो. माझ्या बापाच्या वेळी त्यांना असंच हसत सांगायचं काम माझ्याकडे होतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगत होतो, आबा, पुढच्या महिन्यात आपण गावाला जाऊ. त्यामुळे हे हसणं मला चांगलं ओळखता येतं.

तू लहानपणापासून तोंडाचा फाटका. भर मांडवात माझ्या सासऱ्यांना तूच सांगितलंस की नवऱ्याचा कोट भाड्याचा आहे. माझ्या रिटायरमेंटला म्हणालास, पोस्टाला काही फरक पडणार नाही. राग आला, पण खोटं नव्हतं. तेव्हा आपण सौदा करू. माझे किती दिवस राहिलेत ते तू मला खरं सांग. गाडी तुझी. पैसे नकोत.

सोमवारपासून शेक सुरू होतायत.

महेंद्र


डोंबिवली पूर्व
१९ जून २०२५

दादा, जय भीम.

काय हे भलतंच! मी गाडीचा सर्व्हेअर, माणसाचा डॉक्टर नाही. धूर बघून इंजिन किती चालेल ते सांगतो, तेवढंच आपल्याला येतं. तुझ्या आजाराचं मला काय माहीत? वहिनी सांगतात तसं असेल. तू उगाच डोक्याला त्रास करून घेतोयस.

गाडी फुकट नको, व्यवहार व्यवहारासारखा करू. फॉर्म सोबत जोडलेत. सखाराम म्हणतो एवढ्या पावसात गाडी उघड्या पार्किंगमध्ये ठेवलीत तर दरवाजे खालून खायला सुरुवात होईल. आजच बघितलं पाहिजे. तू सही कर, बाकी मी बघतो.

सुदेश


कोपरी
२५ जून २०२५

सुदेश,

फॉर्म परत पाठवतोय. माहीत नाही म्हणतोस तर सौदा नाही. आमच्या बिल्डिंगमधला सर्वेश, ज्याचं खाली औषधाचं दुकान आहे, तो गाडी मागतोय. बायकोला शिकायला हवी म्हणतो. त्याला देऊन टाकेन.

आठ शेक झाले. घसा आतून सोलून काढल्यासारखा झालाय. साधं पाणी गिळायचं तरी पलंगाची कड धरावी लागते. दर्शना पेज गाळून देते आणि मी ती अर्धी सांडतो. मी तक्रार करत नाही. मला एवढंच कळायला हवं की हे कशासाठी चाललंय. बरा होणार असेन तर तीस काय, साठ घेईन. होणार नसेन तर एकही नको, उरलेले दिवस गाडीत शांत बसून काढेन. तुझ्याकडे काही असेल तर सांग. तू सांगितलंस तर मी विश्वास ठेवेन, कारण तू माझ्यावर दया करणाऱ्यातला नाहीस.

महेंद्र


डोंबिवली पूर्व
१ जुलै २०२५

दादा, जय भीम.

सर्वेशला गाडी देऊ नको, हात जोडतो! त्याची बायको पहिल्याच आठवड्यात क्लच जाळेल. तो सीएनजी बसवेल, स्पीकर लावायला दारांना भोकं पाडेल, वर लाल सीट कव्हर घालेल. अठ्ठावीस वर्षं जपलेली गाडी महिन्याभरात भाजीचा टेम्पो होईल. मला हे सहन होणार नाही, स्पष्ट सांगतो.

आता ऐक. मी हे बोलणार नव्हतो. त्या शनिवारी चहाचा कप ठेवायला आत गेलेलो तेव्हा वहिनी पायलशी फोनवर बोलत होत्या. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाल्या, दसरा बघतील, दिवाळी नाही. शेक नुसते तुझ्या समाधानासाठी चाललेत. मी ऐकलं, कप ठेवला आणि बाहेर आलो. मागच्या पत्रात माहीत नाही म्हटलं ते वहिनींसाठी म्हटलं. पण तू एवढं विचारतोस तर लपवून काय करू? आणि खरं सांगू का, तुला बघून मला स्वतःलाही तसंच वाटलेलं. तीस वर्षं टोटल लॉस ठरवतोय, नजर बसलीय.

वहिनींना विचारायला जाऊ नकोस. त्या नाहीच म्हणणार आणि रडणार.

फॉर्म पुन्हा जोडलेत. इंजिन नंबर, चेसी नंबर मी भरलाय. पेन्सिलीने फुल्या मारल्यात तिथे सही कर.

सुदेश


कोपरी
९ जुलै २०२५

सुदेश, जय भीम.

सह्या केल्यात. पोस्टात असतो तर म्हटलं असतं, चारही प्रती बरोबर आहेत, पोच दे.

तुझ्या पत्राचा राग नाही आला. उलट सुटल्यासारखं वाटलं. पत्र वाचून झाल्यावर गाडीतच बसून राहिलो, एफएम लावला, बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखं झालं. पंधरा शेक झाले होते, उरलेल्या पंधरांना मी सोमवारपासून जात नाही. रिक्षा खाली येऊन उभी राहिली, मी उतरलोच नाही. दर्शनाने हात धरून ओढलं, शेजारच्यांना बोलावलं, पायलला फोन लावला. मी वहीत लिहिलं, मला सगळं कळलंय. काय कळलंय, काय कळलंय करून ती विचारत राहिली. तुझं नाव नाही सांगितलं, काळजी करू नकोस. पस्तीस वर्षांच्या संसारात ती एवढं सफाईने खोटं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्यासाठीच बोलते, ते कळतं. पण आता तिच्याकडे बघवत नाही.

एक मागणं आहे. गाडी तुझी झाली, पण दसऱ्यापर्यंत इथेच राहू दे. वर चार भिंतींत माझा जीव घुसमटतो. खाली गाडीत बसलो की माणसात असल्यासारखं वाटतं, येणारे-जाणारे काचेवर टकटक करून हात करतात.

महेंद्र


डोंबिवली पूर्व
१२ जुलै २०२५

दादा, जय भीम.

कागद मिळाले. थँक्यू. थँक्यू खूप छोटा शब्द आहे, पण आपल्यात कशाला फॉर्मॅलिटी.

शेकाचं म्हणशील तर तो तुझा निर्णय, मी त्यात काय बोलणार. तुला शांत वाटतंय ना, मग झालं.

दसऱ्यापर्यंत गाडी ठेवणं मात्र जमणार नाही दादा. सखारामने शेड मोकळी करून ठेवलीय, पाऊस काय थांबणार आहे का? शिवाय १० ऑगस्टला खडवलीला आमच्या जुन्या गाडीवाल्यांचा मेळावा आहे, त्याच्या आधी पॉलिश, कार्ब्युरेटर सगळं करायचंय. उद्या रविवारी सखाराम येईल. तू वर आराम कर, चावी वॉचमनकडे ठेवलीस तरी चालेल. आणि जमलं तर तिथे एक प्लास्टिकची खुर्ची टाकून घे ना, बसायला काय, कुठेही बसता येतं.

सुदेश


कोपरी
२० जुलै २०२५

सुदेश,

गाडी गेली तिथे खुर्ची टाकून दोन दिवस बसलो. लोक बघून न बघितल्यासारखं करतात. गाडीत बसलेला माणूस आपल्या कामात असतो, खुर्चीत बसलेला आजारी दिसतो. तिसऱ्या दिवसापासून वरच आहे. हे पत्र टाकायला सर्वेशकडे दिलंय.

काल डॉक्टरांनी स्वतः घरी फोन केला. दर्शनाने स्पीकरवर लावला. ते म्हणाले, तुमची गाठ पूर्ण निघाली आहे, गळ्यातल्या गाठींमध्ये काही सापडलं नाही, शेक पुरे केलेत तर तुम्ही चांगले बरे व्हाल, पण खंड पडतोय तो वाईट. २८ तारखेच्या सोमवारपासून आलात तरी मी सांभाळून घेतो, त्यानंतर माझ्या हातात राहणार नाही. माणूस हसत नव्हता रे. चिडलेला होता. दर्शना माझ्या पायाशी बसून रडली. म्हणाली, मी तुमच्याशी कधी खोटं बोलले ते एकदा तरी दाखवा.

मी हललोय. म्हणून शेवटचं विचारतो. तू नक्की ऐकलंस ना? दुसऱ्या कोणाबद्दल बोलत असेल, तुझी ऐकण्यात चूक झाली असेल, असं काही? चूक झाली असेल तर झाली, मी एका शब्दाने बोलणार नाही. तसं कळव आणि गाडी परत पाठव. मी सोमवारी तिच्यातूनच शेकाला जाईन, सर्वेश चालवतो म्हणालाय. सोमवारच्या आत उत्तर यायला हवं म्हणून माझ्या पत्त्याचं पाकीट तिकीट लावून, स्पीड पोस्टचे पैसे आत ठेवून पाठवतोय.

तुझ्या उत्तरावर आहे सगळं.

महेंद्र


डोंबिवली पूर्व
२४ जुलै २०२५

दादा, जय भीम.

नक्की ऐकलं. शब्द अन् शब्द. डॉक्टर पेशंटसमोर असंच बोलतात, त्यांचं बिल चालू राहायला हवं ना.

गाडी कालपासून माझ्या नावावर झाली. फोटो जोडलाय. सखारामने पुढच्या ग्रिलचं क्रोम काय चमकवलंय बघ! तुझे जुने बिल्डिंग पार्किंगचे स्टिकर खरवडून काढले, काच आता शोरूममधनं आल्यासारखी दिसते.

सुदेश


डोंबिवली पूर्व
१९ ऑक्टोबर २०२५

दर्शना वहिनी, जय भीम.

दादा गेल्याचं मनाला फार लागलं. ६ तारखेला निरोप आला तेव्हा मी नेमका नाशिक रोडला एका सर्व्हेला गेलेलो, म्हणून स्मशानात पोचता आलं नाही. पण पुण्यानुमोदनाला आलेलो, तुम्ही बघितलं असेल. वर हॉलमध्ये गर्दी होती, भंतेजींची वंदना झाल्यावर तुम्ही काहीतरी वाचायला उभ्या राहिलात तेव्हा मी म्हटलं आपण खाली थांबू, मोठ्यांना बसायला जागा होईल.

एक सांगावंसं वाटतं, राग मानू नका. नंतर जेवायला बसलो तर शेजारचे दोघं ताट घेऊन उठून गेले. सर्वेशला पाणी मागितलं, त्याने ऐकूनही ऐकलं नाही. दुःखात माणसाचं भान सुटतं, मी मनावर घेतलं नाही. पण आपल्या समाजात निदान अशा वेळी तरी माणुसकी दिसायला हवी.

दादाच्या तब्येतीचा मला आधीपासून अंदाज होताच. सुटला बिचारा. तुम्ही खूप केलंत त्याचं.

दोन बारीकशी कामं होती. मारुतीची दुसरी चावी आणि पहिल्या सर्व्हिसचं पुस्तक दादाच्या कपाटात असेल. फर्स्ट ओनर गाडीला दोन्ही चाव्या असल्या की तिची शान वेगळी. खडवलीला सगळे त्याबद्दलच विचारत होते. सवड मिळाली की शोधून ठेवा, मी येऊन नेईन. आणि त्या दिवशी खाली थांबलेलो तेव्हा बी विंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली एक एस्टीम बघितली, टायर बसलेत. मालक कोण आहेत, म्हातारे आहेत का? त्यांचा नंबर मिळाला तर बरं होईल.

तब्येतीला जपा.

सुदेश


कोपरी
२५ ऑक्टोबर २०२५

सुदेश भावजी,

मी पत्र लिहिणारी बाई नाही. हे पहिलं आणि शेवटचं.

तुमची पाचही पत्रं मला ह्यांच्या पेन्शनच्या फायलीत सापडली, हे गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. मी ती सतरा वेळा वाचली. पुण्यानुमोदनाला भंतेजींच्या परवानगीने सगळ्या नातेवाइकांपुढे मी उभी राहून तीच वाचली. पाचही, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुम्ही तेव्हा खाली एस्टीमचे टायर बघत होतात. तुम्हाला पाणी का मिळालं नाही ते आता कळलं असेल. सर्वेश तुमच्या अंगावर धावून येत होता, देवराम मामांनी त्याला धरून ठेवलं.

तुम्ही त्या शनिवारी चहाचा कप ठेवायला आत आलाच नव्हता. चहा मी खाली पाठवला होता, कारण तुम्ही बोनेटमध्ये डोकं घालून होतात. कप दुसऱ्या दिवशी वॉचमनने आणून दिला. आणि मी पायलशी असलं काही कधी बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. डॉक्टरांनी मला ऑपरेशनच्या संध्याकाळी जे सांगितलं ते मी तासाभरात ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. गाठ निघाली आहे, शेक घ्या, बरे व्हाल. त्यात एक शब्द माझा नव्हता. हे बरे होणार होते, भावजी. तुम्हाला एक गाडी हवी होती म्हणून तुम्ही तारीख सांगितलीत, आणि ह्यांनी ती मानली. जुलैच्या शेवटी तुमचं ते स्पीड पोस्ट आलं आणि ह्यांनी दुसऱ्या दिवसापासून खाणंही जवळजवळ सोडलं. नळी घालू दिली नाही. मी तोंडापाशी चमचा नेला की मान फिरवायचे. दसऱ्याला कॅलेंडरकडे बोट दाखवून हसले, जसं काही तुमचा हिशोब बरोबर निघाला.

चावी आणि पुस्तक ह्या पाकिटात आहे. मला घरात नको. गाडी चालवा, खडवलीला न्या, बक्षिसं घ्या, माझं काही म्हणणं नाही. पोलिसांत जा असं पायल म्हणते. मी काय सांगू तिथे, आमच्या माणसाने बायकोवर विश्वास ठेवला नाही आणि तुमच्यावर ठेवला?

जायच्या आदल्या दुपारी मी उशाशी बसले होते. पेज आणली होती. म्हटलं, अहो, अजून घ्या, अजून बरे व्हाल. ह्यांनी वही मागितली. अक्षर वाचता येत नव्हतं, तरी मी लावलं. लिहिलं होतं, आता तरी खोटं बोलू नकोस. मग वही माझ्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. परत माझ्याकडे वळले नाहीत.

दर्शना